केळीच्या बागेतला फेकून जाणारा माल आणि स्वयंपाकघरातला गॅस

रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यात केळीची कापणी सुरू असली की बांधावर एक ढीग हमखास दिसतो. घडाच्या शेपटाकडच्या बारीक फण्या, घासलेली आणि चिरलेली केळी, अर्धवट भरलेला माल, आणि वापसीच्या, म्हणजे दुय्यम मालाच्या, भावातही व्यापारी उचलत नाही तो सगळा तिथे पडतो. मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली तर ढीग राहत नाही, अख्खं शेतच त्या अवस्थेला जातं. थोडा माल गुरांपुढे जातो, थोडा उकिरड्यावर, बाकीचा जागेवर सडतो. त्याच घरात सिलिंडर मात्र दर महिन्याला विकत येतो.

हा लेख एक-दोन एकर बाग आणि दोन-तीन जनावरं असलेल्या कुटुंबासाठी आहे. वाया जाणाऱ्या फळांतून घरच्या घरी इंधन करण्याचा शहाणा मार्ग बायोगॅसचा आहे. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगतो: फळं शेणाची जागा घेत नाहीत, शेणाची कमतरता भरून काढतात. हे डोक्यात पक्कं असेल तर संयंत्र वर्षानुवर्षं चालतं. केवळ फळांवर चालवायला गेलं, तर बहुतेक वेळा काही आठवड्यांत बंद पडतं.

इथेनॉल का नको

"फळापासून इंधन" म्हटलं की पुष्कळांना आधी इथेनॉल आठवतं, कारण पेट्रोलमधल्या मिश्रणाची चर्चा सतत कानावर येते. 2018 च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणाने खराब धान्य, सडके बटाटे, साखरयुक्त पदार्थ अशा कच्च्या मालापासून इथेनॉल करायला वाट मोकळी केली हे खरं, पण ती परवानाधारक कारखान्यांसाठी. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 नुसार परवान्याशिवाय मद्यार्क गाळणं हा गुन्हा आहे, मग तो पिण्यासाठी असो वा इंजिनासाठी.

कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब बसत नाही. पिकलेल्या केळीत साधारण 20 टक्के साखर असते. म्हणजे 100 किलो केळीतून कागदावर जेमतेम 13 लिटर आणि प्रत्यक्षात त्याहून कमी इथेनॉल निघतं. ते गाळायला सरपण जाळावं लागतं, आणि साध्या ऊर्ध्वपातनाने 95 टक्क्यांच्या आसपास गाडी अडते, उरलेलं पाणी काढायला वेगळी यंत्रणा लागते. शिवाय फळांतल्या पेक्टिनपासून थोडं मिथेनॉलही तयार होतं, आणि ते विषारी असतं. घरगुती पातळीवर हा नाद सोडून दिलेला बरा. बायोगॅसला गाळावं लागत नाही, तापवावं लागत नाही आणि परवानाही लागत नाही.

किती मालातून किती गॅस

ग्रामीण तंत्रज्ञानावर काम करणाऱ्या पुण्याच्या 'आरती' संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र विकसित केलं आणि त्यासाठी संस्थेला 2006 साली शाश्वत ऊर्जेसाठीचा आंतरराष्ट्रीय ॲश्डेन पुरस्कार मिळाला. त्यामागचा विचार साधा आणि खोल होता. शेण म्हणजे जनावराने पोषण काढून घेतल्यावर उरलेला चोथा. साखर आणि पिष्ट असलेला पदार्थ जिवाणूंना थेट दिला, तर किलोमागे गॅस कितीतरी जास्त आणि लवकर मिळतो.

आकड्यांत बघू. एक किलो ताज्या शेणातून सुमारे 0.04 घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे एका घनमीटरला 25 किलो शेण लागतं. चांगल्या पिकलेल्या केळीचा एक किलो, सालीसकट, घरगुती संयंत्रात 0.08 ते 0.12 घनमीटर देतो. दहा किलो केळी म्हणजे ढोबळमानाने एक घनमीटर. पपईत पाणी जास्त, म्हणून तिच्यातून केळीच्या निम्मा गॅस धरा. आंब्याचा गर या दोहोंच्या मधला. टरबुजात तर जवळपास सगळं पाणीच असतं, त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

आता गरजेकडून मोजू. माणशी दिवसाला पाव घनमीटर किंवा थोडा जास्त गॅस लागतो. पाच-सहा माणसांच्या घराला दीड ते दोन घनमीटर पुरतो. दोन घनमीटरचं संयंत्र निव्वळ शेणावर चालवायचं तर रोज 50 किलो शेण हवं, म्हणजे चार-पाच जनावरं. गोठ्यात दोनच असतील तर शेण 20 किलोच्या आसपास मिळतं आणि संयंत्र अर्धपोटी राहतं. गावोगाव बंद पडलेल्या गोबरगॅसमागे हे एक मोठं कारण आहे. तिथेच फळं कामाला येतात: 20 किलो शेणाचे 0.8 आणि 10 किलो केळीचा एक, असा 1.8 घनमीटर गॅस रोज. साधारण 32 घनमीटर बायोगॅस म्हणजे 14.2 किलोचा एक सिलिंडर. महिन्याचा हिशेब तुम्हीच करा.

संयंत्र कोणतं घ्यावं

फळांसाठी मी तरंगत्या टाकीचं संयंत्र सुचवेन. खादी ग्रामोद्योग आयोगाने रुजवलेला हा जुना नमुना आहे: खाली शेण-फळं कुजून गॅस होते ती पाचक टाकी आणि तिच्यात उपडी घातलेली, गॅस साठला की वर उचलली जाणारी टाकी. गॅस किती आहे हे लांबूनच दिसतं, दाब एकसारखा राहतो आणि वर साय जमली तर टाकी उचलून काढता येते. शेवटचा मुद्दा फळांच्या बाबतीत फार महत्त्वाचा, कारण तंतू आणि साली वर तरंगून जाड थर धरतात. वरची टाकी फायबरची घ्या. लोखंडी टाकीला आम्ल आणि गॅसमधला हायड्रोजन सल्फाइड मिळून लवकर गंज चढतो.

विटांचा घुमट असलेलं दीनबंधू संयंत्र स्वस्त आणि टिकाऊ आहे, पण आत साय घट्ट बसली तर काढणं जिकिरीचं. ते आधीच बांधलेलं असेल तर फळं घाला, पण लगदा अगदी बारीक करून आणि पुढे सांगितलेल्या प्रमाणाच्या निम्माच. ज्यांना आधी अनुभव घ्यायचा आहे त्यांनी प्लॅस्टिकच्या पाण्याच्या दोन टाक्यांचं छोटं संयंत्र करावं: 1000 लिटरची पाचक टाकी आणि तिच्यात उपडी बसणारी 750 लिटरची. दोघा-तिघांचं सकाळचं चहापाणी आणि थोडा स्वयंपाक त्यावर होतो.

जागा दिवसभर उन्हाची निवडा. मिथेन तयार करणाऱ्या जिवाणूंना 35 अंशांच्या आसपास सर्वांत बरं वाटतं, आणि 15 च्या खाली ते जवळजवळ थंडावतात. खानदेशात जानेवारीच्या रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, तेव्हा गॅस निम्म्यावर येतो हे गृहीत धरा. त्या दिवसांत काला, म्हणजे टाकीत घालायचं शेण-लगद्याचं मिश्रण, कालवायला कोमट पाणी वापरा. विहिरीपासून संयंत्र लांब ठेवा, आणि स्वयंपाकघरापासून फार दूर नको.

कौटुंबिक बायोगॅसला केंद्राच्या योजनेतून अनुदान मिळत आलं आहे. पंचायत समितीच्या कृषी विभागात चौकशी करा, पण खड्डा खणायच्या आधी. काम आधी आणि अर्ज नंतर असं झालं की बहुधा पैसे हातचे जातात.

सुरुवात: आधी फक्त शेण

पाचक टाकी भरायला ताजं शेण आणि पाणी सारख्या प्रमाणात घ्या. गवताच्या काड्या, खडे, माती काढून टाका. शेजारच्या चालू गोबरगॅसमधली दोन-चार बादल्या स्लरी, म्हणजे आतला पातळ रबडा, विरजणाला मिळाली तर फार चांगलं, कारण तिच्यात लागणारे जिवाणू तयार असतात. उन्हाळ्यात दोन-तीन आठवड्यांत, हिवाळ्यात महिन्याभरात गॅस साठून वरची टाकी आपोआप उचलली जाऊ लागते.

पहिल्यांदा भरलेली टाकी पेटवायची नाही. त्या गॅसमध्ये हवा मिसळलेली असते, आणि हवेत 5 ते 15 टक्के मिथेन असलं की ते मिश्रण स्फोटक ठरतं. पहिला गॅस मोकळ्यावर, आसपास विस्तव नसताना सोडून द्या. दुसऱ्यांदा भरली की शेगडीवर पेटवून बघा. ज्योत निळी आणि स्थिर राहिली की संयंत्र लागलं. ज्योत धरत नसेल, भुर्रकन विझत असेल, तर कार्बन डायऑक्साइड जास्त आहे. अजून आठवडाभर थांबा. त्याआधी एकही केळ आत जाता कामा नये.

रोजचं खाद्य

आत दोन तऱ्हेचे जिवाणू असतात. एक गट साखरेचं आम्ल करतो, तेही तासांत. दुसरा गट त्या आम्लाचा मिथेन करतो, पण त्याला दिवस लागतात आणि तो सावकाश वाढतो. फळं एकदम वाढवली तर पहिला गट सुसाट सुटतो, दुसऱ्याला झेपत नाही, आम्ल साठत जातं आणि शेवटी तेच दुसऱ्या गटाला मारतं. गायीला एकदम पाटीभर गोड फळं घातली की पोट बिघडून ती बसते, तसंच हे. खरं तर गायीच्या पोटातलेच जिवाणू शेणावाटे इथे आलेले असतात. म्हणून पथ्यही तेच: सवय हळूहळू लावायची.

चार हजार लिटरच्या पाचक टाकीला पहिले चार-पाच दिवस रोज एक किलो केळी द्या. पुढे दर चार-पाच दिवसांनी एकेक किलो वाढवत दहा किलोपर्यंत जा. यात दीड महिना जातो. घाई करू नका. लक्षात ठेवायला सोपं माप म्हणजे टाकीच्या दर 1000 लिटरमागे दिवसाला अडीच किलो पिकलेली केळी आणि सोबत पाच किलो शेण. त्यापुढे जायचा मोह बागेत माल पडलेला दिसतो तेव्हाच होतो आणि संयंत्रं तेव्हाच बिघडतात.

केळी पूर्ण पिकू द्या, साल काळी पडली तरी उत्तम. हिरव्या केळीतलं पिष्ट पचायला वेळ घेतं आणि ती कुटायलाही त्रास. पिकलेली केळी सालीसकट ड्रममध्ये घालून फावड्याच्या दांड्याने किंवा पायाने तुडवली तरी लगदा होतो. घडाचा दांडा मात्र काढून टाका, त्याच्या धाग्यांनी पाइप तुंबतो. लगद्यात शेण आणि पाणी घालून कालवा. 20 किलो शेण, 10 किलो केळी आणि 30 ते 35 लिटर पाणी असा मेळ बसतो. काला हातात घेऊन बोटं फाकवली तर गाठ न अडकता तो ओघळून गेला पाहिजे. अडकला तर पुन्हा कालवा. भरणी रोज एकाच वेळी करा, शक्यतो सकाळी ऊन चढल्यावर. दोन दिवसांचं खाद्य एकदम टाकू नका. एखादा दिवस चुकला तर चुकू द्या.

फळांत नत्र कमी असतं आणि जिवाणूंना ते लागतं. शेण असतंच, पण जोडीला पाण्याऐवजी थोडं गोमूत्र किंवा मूठ-दोन मूठ कोंबडी खत दिलं तर संतुलन चांगलं राहतं. बाहेर आलेल्या स्लरीचं पाणी भरणीच्या पाण्यात निम्म्यापर्यंत परत वापरता येतं. त्याने जिवाणू वाया जात नाहीत, आणि उन्हाळ्यात पाणीही वाचतं.

आंबलं कसं ओळखायचं

सर्वांत आधी सांगतं ते नाक. चांगल्या स्लरीला मातकट, शेणासारखा मंद वास असतो. आंबूस, व्हिनेगरसारखा किंवा कुजट उग्र वास आला की कान टवकारा. मग ज्योत बघा: टाकी तर भरते पण ज्योत अशक्त राहते, शेगडीवरून उडते. बाहेर येणाऱ्या स्लरीवर फेस दिसायला लागतो. सामू (पीएच) तपासायच्या कागदी पट्ट्या औषधी रसायनांच्या दुकानात मिळतात, त्या घरात ठेवाच. स्लरीचा सामू 6.8 ते 7.5 असावा. 6.5 च्या खाली उतरला की फळं त्याच दिवशी बंद.

आठवडाभर नुसतं शेण द्या, तेही नेहमीच्या निम्मं. चालू संयंत्रातली स्लरी मिळाली तर ओता. तरीही सामू वर येत नसेल तर खाण्याचा सोडा दर 1000 लिटरमागे अर्धा ते एक किलो, पाण्यात विरघळवून, तीन-चार दिवसांत विभागून घाला. काही जण चुना टाकतात. चुना टाकीतला कार्बन डायऑक्साइड शोषतो, दाब एकदम पडतो आणि घुमटाच्या संयंत्रात बाहेरची हवा आत ओढली जाऊ शकते. म्हणून सोडाच बरा. सामू सुधारल्यावर पुन्हा एक किलोपासून सुरुवात करा, जिथे थांबलो होतो तिथून नाही.

चार आठवड्यांचा माल, वर्षभराची चूल

अडचणीची जागा ही आहे. कापणीचा माल महिन्याभरात पडतो आणि चूल बारा महिने पेटते. ढिगाकडे बघून मोठं संयंत्र बांधणं हा उपाय नाही, ते उरलेले महिने उपाशी राहील. संयंत्र घराच्या गरजेएवढंच ठेवा आणि माल साठवा.

उन्हात वाळवणं हा त्यातला सर्वांत भरवशाचा मार्ग. एप्रिल-मेच्या खानदेशी उन्हात केळीचे काप ताडपत्रीवर किंवा शेडनेटवर पसरले तर चार-पाच दिवसांत कडक होतात. चार किलो केळीचे साधारण एक किलो काप राहतात, म्हणून रोजचं प्रमाणही त्याच हिशेबात घटवा: दहा किलोऐवजी अडीच. आदल्या रात्री भिजत घातले की सकाळी लगदा तयार. पावसाळ्यात हे पोतं फार उपयोगी पडतं.

वाळवायला ऊन नसेल तर लगदा झाकणाच्या ड्रममध्ये ठेवता येतो. झाकण घट्ट लावू नका, आंबताना वायू सुटतो आणि ड्रम फुगतो. एक काळजी मात्र घ्या. नुसता आंबलेला गोड लगदा ड्रमांत भरून ठेवलेला दिसला तर हातभट्टीच्या रसायनाची शंका यायला वेळ लागत नाही. पहिल्याच दिवशी त्यात दहावा हिस्सा शेण मिसळून ठेवा, मग कुणाला संशयाला जागा राहत नाही. हा साठा आधीच आंबट असतो, त्यामुळे ताज्या केळीपेक्षा थोडा कमी द्या.

इतर बागांसाठी थोडं

संत्रा-मोसंबीच्या सालीत लिमोनीन नावाचं तेल असतं, ते मिथेनच्या जिवाणूंना मारक ठरतं. नागपूर-अमरावतीकडे गळलेल्या संत्र्यांचा सडा पडतो, पण ती सालीसकट टाकीत घालू नका. साल काढून आतला गर थोड्या प्रमाणात चालतो. एवढी मेहनत परवडत नसेल तर संत्री कंपोस्टला द्या. डाळिंबाची साल तुरट, तीही नको.

आंब्याची कोय आणि देठ वेगळे काढा, गर आणि साल चालते. आंबा आणि पेरूच्या बागेत तर याचा दुहेरी फायदा. खाली पडलेल्या फळांत फळमाशीच्या अळ्या वाढतात आणि मातीत जाऊन कोष करतात, म्हणून पडीचा माल रोज वेचून नष्ट करा असं कृषी विद्यापीठं सांगतातच. तो वेचलेला माल कुठे टाकायचा याचं उत्तर इथे मिळतं.

सिंधुदुर्गातल्या काजूच्या बोंडूचा प्रश्न मोठा आहे. गोव्यात त्याची फेणी होते, आपल्याकडे बराचसा झाडाखालीच सडतो. बोंडू तुरट आणि आम्लधर्मी, म्हणून केळीच्या निम्म्या प्रमाणात, ठेचून आणि भरपूर शेणाबरोबर द्यावा. द्राक्षावर शेवटी-शेवटी गंधक किंवा ताम्रयुक्त औषध फवारलं असेल तर मणी धुऊन घ्या. गंधकाने गॅसला सडक्या अंड्याचा वास वाढतो, आणि तांबं जिवाणूंना सोसत नाही.

गॅस वापरताना

एलपीजीची शेगडी तशीच चालत नाही, बायोगॅसला मोठ्या छिद्राचा जेट लागतो. बायोगॅसची शेगडीच घ्या. एक बर्नर तासाला साधारण 0.45 घनमीटर खातो, म्हणजे 1.8 घनमीटरवर एक बर्नर चार तास चालतो. पाइप संयंत्राकडून घराकडे चढता न्या आणि सर्वांत खालच्या जागी पाणी काढायची तोटी बसवा. पाणी साठलं की ज्योत थरथरते. वास जास्त येत असेल तर पाइपमध्ये गंजलेल्या लोखंडी किसाची छोटी बाटली बसवा, हायड्रोजन सल्फाइड त्यात अडकतो.

सांधे साबणाच्या फेसाने तपासा, काडी लावून कधीच नाही. गॅस सिलिंडरमध्ये किंवा ट्यूबमध्ये भरायचा प्रयत्न करू नका. आणि साय काढायला किंवा दुरुस्तीला रिकाम्या पाचक टाकीत कुणालाही उतरवू नका, मग ती कितीही दिवस उघडी असो. आत विषारी वायू तळाशी बसून राहतो, आणि पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही तिथेच पडतो. टाकीभोवती कुंपण घाला, घरात लहान मुलं असतील तर आधी हे काम, मग बाकीचं.

स्लरी बागेत परत

टाकीत कार्बन गॅस होऊन निघून जातो, नत्र, स्फुरद आणि पालाश मात्र स्लरीत राहतं. केळीला पालाश भरपूर लागतं आणि केळीच्या फळात-सालीतही ते भरपूर असतं. म्हणजे बागेतून गेलेलं पालाश बागेतच परत येतं, त्यामुळे रासायनिक पोटॅशची मात्रा ठरवण्याआधी माती तपासून बघा. बाहेर आलेली स्लरी सावलीच्या खड्ड्यात दोन-तीन दिवस राहू द्या, मग तितकंच पाणी मिसळून खोडापासून हातभर अंतरावर ओता किंवा दोन ओळींमधल्या चरात पाण्याबरोबर सोडा. ठिबकमधून द्यायची असेल तर आधी बारीक जाळीतून आणि मग फडक्यातून गाळा, आणि दिल्यानंतर अर्धा तास नुसतं पाणी चालवा, नाहीतर ड्रिपर बुजतात. पावसाळ्यात शेतात चिखल असतो तेव्हा हीच स्लरी पालापाचोळ्यावर ओतत जा, दिवाळीपर्यंत चांगलं कंपोस्ट होतं आणि ते कांदेबागेच्या, म्हणजे हिवाळ्याच्या तोंडावरच्या केळीच्या, लागवडीला वापरता येतं.